आडव्या फोनवर सम शोधताना : स्वरलिपी ॲपच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२५

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका गायनवर्गाच्या स्वरलिपी ॲपमधील दोष दूर करण्याचे काम आजपासून हाती घेतले. ॲप अँड्रॉइडवर चालते, ते कोटलिनमध्ये लिहिलेले आहे आणि त्याचा वापर वर्गातील विद्यार्थ्यांपुरताच आहे. त्यात भातखंडे पद्धतीने लिहिलेल्या बंदिशी, आलाप आणि ताना वाचता येतात, जोडीला तानपुऱ्याची ध्वनिफीत लावता येते आणि लय ठरवून दिली की चालू मात्रेचे (तालाच्या ठोक्याचे) घर उजळत पुढे सरकते. १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले तेव्हापासून ही लिपी ग्वाल्हेरच्या शिकवणीत रुळलेली आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांना ती नव्याने समजावून द्यावी लागत नाही; कागदावर दिसते तशीच ती फोनवर दिसावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

मुख्य तक्रार वर्गाच्या बाईंनी स्वतःच सांगितली. "अरे, फोन आडवा केला की पान भलतीकडेच जातं, आणि सम कुठे आहे ते शोधेपर्यंत अर्धं आवर्तन निघून गेलेलं असतं." सम म्हणजे तालाची पहिली मात्रा आणि आवर्तन म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा. फोन उभाच ठेवा असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही, कारण उभ्या फोनवर तीनतालाच्या सोळा मात्रा एका ओळीत मावत नाहीत आणि पेटीवर फोन आडवा टेकवला की त्या मावतात. म्हणजे फोन फिरवणे ही इथे वापरणाऱ्याची लहर नसून वाचनाची गरज आहे. याशिवाय तानपुरा दोनदा वाजू लागणे, निवडलेली पट्टी विसरली जाणे, शेवटची मात्रा पडद्याच्या कडेखाली दडणे आणि मंद्र सप्तकाचे टिंब नाहीसे होणे अशाही तक्रारी आहेत, आणि त्या सगळ्या फोन आडवा केल्यावरच उद्भवतात.

१२ नोव्हेंबर

एम्युलेटरवर (संगणकावरील आभासी फोनवर) ३६० बाय ८०० डीपीचा पडदा घेतला (डीपी हे पडद्यावरील मापाचे एकक) आणि सांगितलेले सर्व दोष तेथे जसेच्या तसे पाहिले. एम्युलेटरवर फिरवण्याचे बटण असले तरी प्रत्यक्ष फोनवरही पाहणे आवश्यक आहे, कारण काही दोष कॅमेऱ्याच्या खाचेशी आणि तीन बटणांच्या पट्टीशी निगडित दिसतात.

फोन फिरला की अँड्रॉइड पडद्याचा कारभार सांभाळणारा घटक, म्हणजे चालू अ‍ॅक्टिव्हिटी मोडून टाकते आणि तिच्या जागी नवी उभी करते. आडव्या पडद्यासाठी वेगळी मांडणी, वेगळी मापे किंवा वेगळी चित्रे दिलेली असतील तर ती आपोआप लागू व्हावीत, हा त्यामागचा हेतू आहे. मात्र अ‍ॅक्टिव्हिटीच्या चलांमध्ये ठेवलेले सर्व काही तिच्याबरोबर जाते. ज्या व्ह्यूला (पडद्यावरील दृश्य घटकाला) आयडी दिलेला आहे तो आपली स्थिती जपण्याचा प्रयत्न करतो; ज्याला आयडी नाही त्याची स्थिती कोणीच जपत नाही.

मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती प्रणालीला देणाऱ्या फाइलमध्ये) एक गमतीची ओळ सापडली. फिरवल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी मोडली जाऊ नये म्हणून 'कॉन्फिगचेंजेस' या गुणधर्मात केवळ 'ओरिएंटेशन' असे लिहिलेले होते. अँड्रॉइड ३.२ पासून, म्हणजे एपीआय (विकासकांसाठीचा आवृत्तिक्रमांक) १३ पासून, फोन फिरला की दिशेबरोबर पडद्याचा आकारही बदलला असे प्रणाली मानते, म्हणून 'स्क्रीनसाइझ' हा शब्दही सोबत असावा लागतो. तो नसल्यामुळे ही ओळ काहीच करत नव्हती आणि अ‍ॅक्टिव्हिटी प्रत्येक वेळी मोडली जात होती.

माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की तो शब्द जोडावा आणि मोकळे व्हावे. मला ते पटले नाही. असे केल्यास आडव्या पडद्याची वेगळी मांडणी आपोआप लागू होणार नाही, ती आपल्याला हाताने लावावी लागेल. आणि त्याउपर फोनच्या अक्षरांचा आकार बदलला, भाषा बदलली किंवा गडद रंगसंगती सुरू झाली की अ‍ॅक्टिव्हिटी मोडायची ती मोडेलच. फोन फिरवल्यावर स्थिती जात असेल तर ती इतर बदलांतही जाते; फरक इतकाच की फोन रोज फिरवला जातो आणि बाकीचे बदल क्वचित होतात. म्हणून ती ओळ पूर्णपणे काढून टाकली आणि अ‍ॅक्टिव्हिटी मोडली जाणारच असे गृहीत धरून पुढील काम करायचे ठरवले.

१४ नोव्हेंबर

पान भलतीकडे का जाते, याचे कारण आज हाती लागले आणि ते अपेक्षेपेक्षा सरळ निघाले. स्वरलिपीच्या ओळी रिसायकलरव्ह्यूमध्ये, म्हणजे सरकत्या यादीच्या घटकात, एकाखाली एक मांडलेल्या आहेत. फोन फिरताना त्याचा लेआउटमॅनेजर (ओळी मांडणारा भाग) पडद्यावरील ओळीचा क्रमांक लक्षात ठेवतो आणि नव्या मांडणीत त्याच क्रमांकावर परत येतो. साध्या यादीसाठी हे योग्य आहे. इथे मात्र उभ्या फोनवर एका आवर्तनाच्या दोन ओळी होतात आणि आडव्या फोनवर एकच. शून्यापासून मोजलेली बारावी ओळ उभ्या फोनवर सातव्या आवर्तनाचा आरंभ असते, तर आडव्या फोनवर तोच क्रमांक तेराव्या आवर्तनाचा होतो. बंदीश छोटी असेल तर पान सरळ शेवटाला जाऊन आदळते. विद्यार्थ्याने स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, गाताना फोन आडवा केला की समोर अंतरा किंवा ताना येतात, त्याचे कारण हे.

यावरून एक गोष्ट निश्चित झाली. वाचणारा कुठे आहे हे पिक्सेलवरून किंवा ओळीवरून लक्षात ठेवता येणार नाही. ते मात्रेवरूनच लक्षात ठेवावे लागेल, कारण फोन कसाही धरला तरी न बदलणारी या पानावरील गोष्ट तीच आहे.

त्यासाठी प्रत्येक मात्रेला बंदिशीच्या आरंभापासून सलग क्रमांक दिला. मोजणी मुखड्याच्या (बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या) पहिल्या अक्षरापासून न करता, मुखडा ज्या आवर्तनात उठतो त्या आवर्तनाच्या समेपासून केली आहे. त्यामुळे खालीवरून (टाळी न देता हात उघडून दाखवायच्या मात्रेवरून), म्हणजे नवव्या मात्रेवरून उठणाऱ्या तीनतालातील बंदिशीचे पहिले घर नऊ क्रमांकाचे होते आणि क्रमांकाला सोळाने भागले की उरणारी बाकी म्हणजे तालातील मात्रा, हे गणित कोठेही वेगळे जपावे लागत नाही. बाकी शून्य आली तर ती सोळावी मात्रा. हा क्रमांक व्ह्यूमॉडेलमध्ये (पडद्याची माहिती पडद्याबाहेर जपणाऱ्या घटकात) सेव्ह्डस्टेटहँडल या जपणुकीच्या सोयीच्या साहाय्याने ठेवला. नुसते व्ह्यूमॉडेल फोन फिरण्यात टिकते; पण ॲप मागे गेल्यावर स्मृती कमी पडून प्रणालीने ते बंद केले तर टिकत नाही.

१५ नोव्हेंबर

नवी व्यवस्था जोडल्यावरही पान कधी बरोबर जागी येई, कधी चुकीच्या. लेआउटमॅनेजर आपली जुनी सवय सोडत नव्हता: आपण मात्रेवरून ओळ ठरवून तिथे नेले की त्यानंतर तो जपलेला ओळक्रमांक लावत असे. रिसायकलरव्ह्यूची स्वतःची स्थिती जपणे बंद केले आणि ओढाताण थांबली.

१७ नोव्हेंबर

पट्टी निवडण्याची खिडकी. काळी एक, पांढरी दोन, काळी चार अशी यादी असलेली ही खिडकी अ‍ॅक्टिव्हिटीतून थेट उघडली जात होती, म्हणून फोन फिरला की ती नाहीशी होई, अर्धवट केलेली निवड जाई आणि यादी पुन्हा काळी एकवर येई. ती डायलॉगफ्रॅगमेंटमध्ये हलवली, म्हणजे फिरल्यानंतर प्रणाली तिला पुन्हा उभी करते. आडव्या पडद्यावर यादी सरकत नसल्यामुळे 'ठीक' हे बटण खाली दिसेनासे होत होते. यादीला सरकण्याची सोय दिली आणि बटण यादीबाहेर ठेवले. यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे यात काही नाही.

१९ नोव्हेंबर

दोन तानपुऱ्यांची तक्रार. मैफलीत गायकाच्या मागे दोन तानपुरे असतातच, पण ते जुळवलेले असतात. इथे एकच ध्वनिफीत थोड्या अंतराने दोनदा वाजत होती आणि त्यातून जो घोळदार आवाज निघत होता त्याने षड्जही धड ऐकू येईना.

कारण असे की वाजवणारा मीडियाप्लेअर अ‍ॅक्टिव्हिटीतच तयार केला होता. अ‍ॅक्टिव्हिटी मोडताना त्याला मोकळे केले जात नव्हते, म्हणून जुना वाजतच राहिला. आणि 'तानपुरा चालू होता' एवढी खूण मात्र जपलेली असल्याने नव्या अ‍ॅक्टिव्हिटीने दुसरा सुरू केला. अ‍ॅक्टिव्हिटी मोडताना प्लेअर बंद करावा आणि नव्याने सुरू करावा हा उपाय शक्य होता, पण मग दर वेळी तानपुरा तुटला असता. रियाजात तानपुरा तुटणे हे मांडणी बिघडण्यापेक्षा वाईट, असे बाईंचे मत आहे आणि ते मान्य करण्याजोगे आहे. म्हणून वादन मीडिया३ या तयार कोडसंचातील सेशन सर्व्हिसमध्ये, म्हणजे पडद्यापासून स्वतंत्र चालणाऱ्या सेवेत, नेले. अ‍ॅक्टिव्हिटी आता फक्त तिच्याशी जोडली जाते आणि सुटते. अँड्रॉइड १४ पासून अशा सेवेचा प्रकार मॅनिफेस्टमध्ये सांगावाच लागतो, तो 'मीडियाप्लेबॅक' असा दिला.

याच ओघात उजळणाऱ्या मात्रेचाही विचार करावा लागला. पूर्वी ठरावीक वेळाने एक संदेश पाठवून घर पुढे सरकवले जाई आणि फोन फिरला की ही मोजणी समेपासून पुन्हा सुरू होई. आता लय सुरू झाल्याचा क्षण जपला आहे आणि चालू मात्रा दर वेळी गेलेल्या वेळावरून काढली जाते. मिनिटाला १६० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा ०.३७५ सेकंदांची असते. पडदा नव्याने उभा राहायला त्याहून जास्त वेळ लागला तरी तो उभा राहताच उजळलेले घर आपल्या खऱ्या जागी दिसते. मधल्या एखाद-दोन मात्रा न दिसणे चालेल, लय चुकणे चालणार नाही.

२२ नोव्हेंबर

एका ओळीत किती मात्रा ठेवायच्या, हा या प्रकल्पातील सर्वांत जास्त विचार करायला लावणारा भाग ठरला. जुना कोड पडद्याची रुंदी घराच्या ठरावीक रुंदीने भागून मिळतील तेवढी घरे ओळीत भरत असे. तीनतालात उभ्या फोनवर आठ घरे बसत, म्हणून दोष झाकला जाई. झपतालात मात्र दहापैकी आठ मात्रा पहिल्या ओळीत, उरलेल्या दोन पुढच्या ओळीत आणि त्यांना लागूनच पुढील आवर्तनाची सम, अशी मांडणी होई. प्रत्येक ओळीत सम निराळ्या जागी पडे. स्वरलिपी वाचणाऱ्याची नजर सम एकाच उभ्या रेषेत शोधत असते. ती रेषा मोडली की लिपी वाचनीय राहत नाही, मग अक्षरे कितीही सुबक असोत.

ओळ तुटायची असेल तर ती तालातील मात्रांच्या गटाच्या, म्हणजे विभागाच्या, सीमेवरच तुटली पाहिजे, हे उघड आहे. पण कोणत्या सीमेवर? आवर्तनाचे दोन समान भाग करावेत असे प्रथम वाटले. तीनताल आठ-आठ, एकताल सहा-सहा, झपताल पाच-पाच, झुमरा सात-सात. या सगळ्यांत दुसरा भाग खालीपासून सुरू होतो, त्यामुळे पहिल्या ओळीच्या आरंभी सम आणि दुसरीच्या आरंभी खाली अशी देखणी मांडणी मिळते. धमारातही पाच, दोन, तीन, चार असे असमान विभाग असूनही आठव्या मात्रेवर खाली आहे, म्हणून सात-सात जमते.

तबल्याच्या सरांना हा नियम ऐकवल्यावर ते म्हणाले, "आडा चौताल लावून बघा." आडा चौतालाच्या चौदा मात्रा दोन-दोनच्या सात विभागांत आहेत, अर्धे केले तर ओळ सातव्या मात्रेनंतर, म्हणजे चौथ्या विभागाच्या मध्यात तुटते. तेथे आठ आणि सहा अशी विभागणी करावी लागते, आणि मग दुसरी ओळ नवव्या मात्रेवर सुरू होते, जिथे खाली आहे. रूपकाची गोष्ट आणखी निराळी: त्याच्या सात मात्रा उभ्या फोनवर एकाच ओळीत बसतात, त्याची समच खाली मानली जाते, आणि आडव्या फोनवर सात घरे फार विरळ पडतात म्हणून दोन आवर्तने शेजारी ठेवावी लागतात.

यावरून अंकगणिती नियमाचा नाद सोडला. प्रत्येक तालासाठी मान्य असलेल्या विभागण्यांची यादी तयार केली, मोठीपासून लहानपर्यंत: तीनतालाला सोळा, आठ-आठ, चार-चार, झुमऱ्याला चौदा, सात-सात, आणि शेवटी तीन-चार-तीन-चार. सातव्या मात्रेवरून उठणारी बंदीश असेल तर ओळ समेपासूनच धरायची आणि आधीची घरे रिकामी सोडायची, असे बाईंनी सांगितले. कागदावरही तसेच करतात.

२४ नोव्हेंबर

या यादीतून कोणती विभागणी निवडायची, हे ठरवताना फोन उभा आहे की आडवा असे विचारणेच बंद केले आहे. आता बंदिशीतील सर्वांत रुंद मात्रा प्रत्यक्ष मोजली जाते आणि उपलब्ध रुंदीत जी सर्वांत मोठी विभागणी बसेल ती घेतली जाते.

हे करण्यामागे दोन कारणे आहेत. ग्वाल्हेर गायकीत विलंबित, म्हणजे संथ लयीतले, ख्याल तिलवाडा किंवा झुमरा या तालांत पुष्कळ गायले जातात, आणि विलंबितात एका मात्रेच्या घरात अनेक स्वर एका कमानीने एकत्र बांधलेले असतात. तिलवाड्याची सोळा मात्रांची ओळ आडव्या फोनवरही अशक्य असते. तेथे आडव्या पडद्यावर आठ आणि उभ्यावर चार घरे हाच योग्य हिशेब आहे. दुसरे कारण अक्षरांच्या आकाराचे. वर्गात साठी ओलांडलेले विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या फोनवर अक्षरे मोठी करून ठेवलेली असतात. अँड्रॉइड १४ पासून ती दुपटीपर्यंत वाढवता येतात. त्यांच्यासाठी मध्यलयीच्या बंदिशीतही आडव्या फोनवर आठच घरे बसतील, आणि त्यात गैर काही नाही.

२६ नोव्हेंबर

सोळावी मात्रा कडेखाली दडण्याचे प्रकरण. उभ्या फोनवर ३६० डीपीतून दोन्ही बाजूंचे समास मिळून ३२ वजा केले की ३२८ उरतात आणि आठ घरांना प्रत्येकी ४१ मिळतात. आडव्या फोनवर जुना कोड ८०० मधून तेच ३२ वजा करून प्रत्येक घराला ४८ देत होता. प्रत्यक्षात तीन बटणांची पट्टी आडव्या फोनवर बाजूला सरकते आणि चाचणीच्या फोनवर ४८ डीपी घेते. दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची खाच ३२ घेते. उरतात ६८८, म्हणजे घराला ४३. पडद्याचा पूर्ण आकार विचारण्याऐवजी खिडकीचे इन्सेट, म्हणजे कडांशी अडलेल्या जागेची मापे, विचारली तर हा हिशेब आपोआप बरोबर येतो. ॲपची लक्ष्य आवृत्ती (ज्या एपीआयसाठी ते बांधले आहे ती) ३५ असल्याने अँड्रॉइड १५ वर त्याचा पडदा कडेपासून कडेपर्यंत पसरतोच. तेथे इन्सेट न वाचता काम भागणार नाही.

यानंतरही एका विद्यार्थिनीच्या फोनवर पहिली मात्रा खाचेखाली जात होती, आणि तीही कधीतरीच. तिच्याकडून सविस्तर माहिती घेतली तेव्हा उलगडा झाला. रियाज चालू असताना चार्जरची वायर लावण्यासाठी ती पेटीवरचा आडवा फोन उचलून उलट बाजूने आडवा ठेवत असे. एका आडव्या स्थितीतून थेट दुसऱ्या आडव्या स्थितीत गेले तर प्रणालीच्या दृष्टीने दिशा आडवीच राहते आणि आकारही तोच राहतो. म्हणून अ‍ॅक्टिव्हिटी मोडली जात नाही आणि कॉन्फिगरेशन बदलल्याची वर्दीही मिळत नाही. खाच मात्र डावीकडून उजवीकडे गेलेली असते. इन्सेट आरंभी एकदाच वाचून ठेवले होते, ते शिळे झाले. आता इन्सेट बदलल्याची वर्दी ऐकणारा श्रोता मूळ व्ह्यूवर बसवला आहे आणि समास प्रत्येक वर्दीला नव्याने लावले जातात. फिरवण्याची चाचणी म्हणजे उभा, आडवा, उभा एवढीच करण्याचा प्रघात आहे, त्यात हा दोष कधीच सापडत नाही. चाचणीच्या टिपणात 'आडवा ते उलट आडवा' हे स्वतंत्र कलम जोडले.

२९ नोव्हेंबर

रुंदी सुटली, आता उंची. आडव्या फोनवर ३६० डीपी उंचीतून स्थितिपट्टीचे २४, शीर्षकपट्टीचे ५६ आणि तानपुऱ्याच्या नियंत्रणांचे ७२ गेले की २०८ उरतात. स्वर, अक्षरे आणि तालचिन्हे मिळून एक ओळ ८४ डीपीची आहे. म्हणजे जेमतेम अडीच ओळी. त्या वाढवण्यासाठी जुन्या कोडमध्ये आडव्या पडद्यापुरती ओळीची उंची ६८ केलेली होती, आणि मंद्राचे टिंब नाहीसे होण्याचे मूळ तेथेच आहे.

या लिपीत उभ्या जागेची काटकसर करता येत नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तार सप्तकासाठी वर टिंब, मंद्रासाठी खाली टिंब, एका मात्रेतील स्वरांखाली कमान, आणि त्याखाली बंदिशीची अक्षरे. यातील प्रत्येक खूण अर्थ बदलते. चाचणीसाठी मुद्दाम दरबारी घेतला, कारण त्यात मंद्रातील कोमल धैवत आणि कोमल निषाद सतत येतात: एकाच स्वराखाली रेघही, टिंबही, आणि मात्रा जोड असेल तर कमानही. ६८ डीपीच्या ओळीत टिंब कमानीत मिसळून गेले होते आणि मंद्र निषाद मध्य सप्तकातला वाटत होता. यमनच्या आरंभीच्या मंद्र निषादाची हीच गत होती. लिपी शिकलेला विद्यार्थी सवयीने बरोबर गाईल, पण नवशिक्या जे दिसते तेच गाईल, आणि शिकवणीचे साधन चुकीचा स्वर दाखवत असेल तर ते नसलेले बरे.

उंची पुन्हा ८४ केली आणि खुणांची जागा आता ओळीच्या उंचीवरून न ठरता अक्षराच्या प्रत्यक्ष मापावरून ठरते, त्यामुळे अक्षरे मोठी झाली तर ओळच उंच होते.

ओळी कमी दिसण्यावर उपाय म्हणून शीर्षक आणि नियंत्रणे बाजूच्या उभ्या पट्टीत न्यावीत असे सहकाऱ्याने सुचवले, आणि आडव्या फोनसाठी सर्वसाधारणपणे तेच करतात. तसे केले तर चार ओळी दिसल्या असत्या, परंतु पट्टीचे ७२ डीपी वजा जाऊन घराची रुंदी साडेअडतीसवर आली असती आणि कित्येक बंदिशी सोळाच्या ओळीतून घसरून आठच्या झाल्या असत्या, म्हणजे फोन आडवा करण्याचे प्रयोजनच संपले असते. त्याऐवजी शीर्षक आणि नियंत्रणे एकाच ५६ डीपीच्या पट्टीत बसवली: डावीकडे राग आणि ताल, उजवीकडे पट्टी, लय आणि वाजवण्याचे बटण. उरलेल्या २८० मध्ये तीन पूर्ण ओळी दिसतात आणि चौथीचा वरचा भाग डोकावतो, जो खाली आणखी आहे हे सांगायला उपयोगी पडतो.

१ डिसेंबर

रागावरून बंदीश शोधताना आडव्या फोनवर कळफलक सगळा पडदा व्यापून स्वतःची मोठी लेखनचौकट उघडत असे आणि शोधाचे निकाल दिसत नसत. लेखनचौकटीला 'एक्स्ट्रॅक्ट यूआय नको' अशी सूचना दिली. कळफलक आताही अर्ध्याहून जास्त पडदा घेतो, पण एखाद-दोन निकाल दिसतात, ते पुरेसे आहे.

३ डिसेंबर

वर्गात प्रत्यक्ष वापरासाठी दिल्यावर बाईंच्या लक्षात एक सूक्ष्म दोष आला. "आडवा केला, ठीक आहे, परत उभा केला की पान थोडं मागे सरकलेलं असतं. चार वेळा केलं की आणखी मागे." त्यांचे निरीक्षण अचूक होते. उभ्या फोनवर पडद्याच्या वरच्या टोकाला नवव्या मात्रेची ओळ आहे असे समजू. फोन आडवा केला की ती मात्रा ज्या ओळीत आहे ती ओळ वर येते, पण त्या ओळीचा आरंभ पहिल्या मात्रेपासून होतो. मग ॲप वरच्या टोकाची मात्रा पुन्हा नोंदवून घेई आणि ती एक येई. फोन परत उभा केला की वाचणारा अर्धे आवर्तन मागे. वेगवेगळ्या विभागण्यांमध्ये ये-जा करताना ही घसरण साठत जाते.

उपाय असा केला की मांडणी बदलल्यामुळे जे पान सरकते त्याची नोंदच घ्यायची नाही. खुणेची मात्रा दोनच प्रसंगी बदलते: वापरणाऱ्याने बोटाने पान सरकवले तर, किंवा लय चालू असून उजळलेले घर पुढे गेले तर. फोन कितीही वेळा फिरवला तरी खुणेची मात्रा नऊच राहते आणि उभ्या फोनवर परतल्यावर तीच ओळ वर येते. बोटाने सरकवलेले आणि कोडने सरकवलेले यांतील भेद रिसायकलरव्ह्यूच्या सरकण्याच्या अवस्थेवरून कळतो. बोट लागल्याशिवाय ती 'ओढत आहे' या अवस्थेत जात नाही.

५ डिसेंबर

पडदा विभागून वापरण्याची चाचणी घेतली. काही विद्यार्थी वरच्या अर्ध्या भागात गुरूंच्या गायनाची चित्रफीत आणि खालच्या भागात हे ॲप ठेवतात. अँड्रॉइड ७ पासून ही सोय आहे. अशा वेळी फोन उभा असला तरी ॲपची खिडकी उंचीपेक्षा रुंद होऊ शकते आणि प्रणाली तिला आडवी ठरवते, कारण दिशा खिडकीच्या आकारावरून ठरते, हातातल्या फोनवरून नाही. जुन्या कोडने येथे सोळा घरांची ओळ मांडली असती. मोजून ठरवणाऱ्या नव्या पद्धतीने आठ घरे मांडली आणि वेगळे काहीच करावे लागले नाही. शीर्षक आणि नियंत्रणे एकत्र करण्याची अटही आता दिशेवर न ठेवता खिडकीची उंची ४८० डीपीपेक्षा कमी असण्यावर ठेवली आहे.

विकासक पर्यायांतील 'अ‍ॅक्टिव्हिटी ठेवू नका' ही खूण लावून, ॲप मागे नेऊन पुन्हा पुढे आणले. खुणेची मात्रा, पट्टी आणि लय तिन्ही जागच्या जागी होत्या.

८ डिसेंबर

वर्गासाठी एक टॅबलेट घेण्याचे ठरत आहे. तो उभ्या चौकटीत अडकवून ठेवता येईल का, असे विचारण्यात आले. पडद्याची लहान बाजू ६०० डीपी किंवा त्याहून मोठी असेल तर अँड्रॉइड १६ वर, ३६ ही लक्ष्य आवृत्ती असलेल्या ॲपने दिशेवर घातलेले बंधन प्रणाली मानत नाही. सध्या सवलत मागता येते, पण ती तात्पुरती आहे. त्यामुळे तो मार्ग धरलेला नाही. टॅबलेटच्या आकाराच्या एम्युलेटरवर तीनतालाची सोळा घरे उभ्या स्थितीतही एका ओळीत बसली आणि तिलवाडा आडव्या स्थितीत मोठ्या अक्षरांसह आठ घरांत आला.

तानसेन समारोहाच्या आधी विद्यार्थ्यांच्या फोनवर ही आवृत्ती जाईल. दोन गोष्टी शिल्लक आहेत: रूपक आणि दादरा यांची दोन आवर्तने आडव्या पडद्यावर शेजारी ठेवताना मधली रेघ जाड असावी की दुहेरी, हे तबल्याच्या सरांना विचारून ठरवायचे आहे, आणि लांब तानेत एका मात्रेत आठ स्वर आल्यावर कमान शेजारच्या घराला स्पर्श करते, तिची रुंदी तपासायची आहे.